विहिरीच्या पाण्यावरील साय, तांबडा गाळ आणि लोहजंतु

कोंकणांतील शेतकऱ्यास जांभ्या दगडाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. त्याचें घर जांभ्याच्या चिऱ्यांचें, कुंपणाचा गडगा जांभ्याचा, विहिरीचें बांधकाम जांभ्याचें, आणि सड्यावरील आंब्या-काजूच्या कलमांचे खड्डेहि जांभ्यांतच खणलेले. तथापि या दगडांतून झिरपणाऱ्या पाण्याचा एक प्रकार असा आहे कीं, तो दर वर्षीं दृष्टीस पडूनहि त्याचा अर्थ फार थोड्यांस ठाऊक असतो. पावसाळा सरल्यावर विहिरीच्या कडेला, चिरेखाणींत सांचलेल्या पाण्यांत, पऱ्याच्या कांठीं जेथें बारीक झरा बाहेर पडतो तेथें, शेंदरासारखा मऊ व बुळबुळीत गाळ जमतो. आणि निवांत पाण्याच्या पृष्ठभागावर मोराच्या मानेप्रमाणें निळे-जांभळे रंग दाखविणारी एक पातळ साय धरते. ही साय म्हणजे काय, तो गाळ कोठून येतो, आणि शेतकऱ्याचें त्यांत हित-अहित काय, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. हा विषय निवडण्यास आमचें एक खासगी कारणहि आहे. तें प्रथम सांगतों.

आम्हीं सारी उमेद महसूल खात्याच्या कारकुनींत घालविली. नोकरीच्या आरंभीं, तीसएक वर्षांपूर्वीं, एक तंटा आमच्या दप्तरांत आला. गांवाचें व माणसांचीं नांवें सांगत नाहीं, कारण त्यांत त्यांचा दोष नाहीं. दोघे चुलतभाऊ, मध्यें एक सामाईक विहीर, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दोघांच्या पाण्याच्या पाळ्या नोंदलेल्या. मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं धाकट्यास पाण्यावर तेलकट तवंग दिसला. थोरल्यानें त्याच वर्षीं तेलावर चालणारा पंप घेतला होता. माझ्या पाळीच्या आदल्या रात्रीं यानें विहिरींत तेल ओतलें, असा धाकट्याचा अर्ज आला. वरिष्ठांबरोबर आम्ही पंचनाम्यास गेलों. पंचांनीं विहिरीच्या कांठावरून वांकून पाहिलें, रंग पाहिले, माना हालविल्या, आणि आम्हीं आमच्या वळणदार अक्षरांत लिहिलें, “पाण्यावर तेलाचा तवंग आढळून आला.” पाण्यास हात लावून पाहण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. तो कागद पुढें कित्येक वर्षें फिरला. दोघांनींहि विहीर टाकली. धाकट्याचीं पोफळीचीं रोपें त्या उन्हाळ्यांत वाळून गेलीं. दोन घरांमधली वाट गडगा घालून बंद झाली. तें तेल नव्हतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

याचा उलगडा होण्यासाठीं प्रथम आपल्या जिल्ह्याबाहेर जाऊं. मेघालयांत, आंध्रांतील बोरा येथें, बस्तरांतील कुटुमसर येथें चुनखडीच्या डोंगरांत नैसर्गिक गुहा आहेत. पावसाचें पाणी मातींतून मुरतांना मुळांचा व कुजत्या पाल्याचा कर्बाम्ल वायु, म्हणजे सोड्याच्या बाटलींतून फसफसतो तोच वायु, आपल्यांत घेतें. असें पाणी किंचित् आंबट होऊन चुनखडी विरघळवितें. तेंच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेंत आलें कीं वायु उडून जातो, आणि जवळचा चुना त्यास धरून ठेवतां येत नाहीं. तो चुना पुन्हां दगड होऊन बसतो. छतापासून लोंबणारे व जमिनीवरून वर वाढणारे दगडी सुळके असेच होतात. गुहेंतील डबक्यांच्या कडांना चुन्याच्या फळ्या धरतात, पाण्यावर कागदासारखे पापुद्रे तरंगतात, आणि जेथें वरून थेंब पडत राहतो तेथें वाळूच्या कणाभोंवतीं थर चढून गोल मोत्यें तयार होतात.

येथवर केवळ रसायनशास्त्राचें काम झालें. परंतु कांहीं गुहांतील डबक्यांत पाण्याच्या पातळीखालीं बोटांसारखे लोंबते दगड सांपडतात, आणि एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत झोंपाळ्याच्या दोरीप्रमाणें वांकलेले दगडी धागे गेलेले असतात. पाण्याच्या आंत थेंब गळत नाहीं, मग हे लोंबले कसे? अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत हिडन केव्ह नांवाची गुहा आहे. तेथील अशा बोटांचे तुकडे अम्लानें किंचित् खरवडून विजेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां दगडाच्या आंत सूक्ष्म जंतूंच्या तंतूंचे ठसे मिळाले. हें संशोधन २००१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा इत्यर्थ असा कीं, पूर्वीं त्या पाण्यांत जंतूंच्या बुळबुळीत लडी लोंबत असाव्यात, आणि चुना त्यांच्यावर बसत गेला असावा. मांडव घातला म्हणजे वेल त्याच्या आकारानें वाढतो. येथें जंतूंनीं मांडव घातला व दगड त्यावर चढला. मांडवावांचूनहि वेल वाढला असता, पण तो त्या आकाराचा झाला नसता. म्हणून खनिज केवळ रसायनानेंच होतें असें म्हणणें जसें अपुरें, तसेंच सर्व कांहीं जंतूच करितात असें म्हणणेंहि अपुरें होय.

आतां आपल्या रत्नागिरीकडे येऊं. येथें चुनखडीचे डोंगर नाहींत, म्हणून तशा गुहाहि नाहींत. दापोली तालुक्यांतील पन्हाळेकाजीचीं लेणीं प्रसिद्ध आहेत, पण तीं मनुष्यानें टांकीनें कोरलेलीं आहेत. आपला मूळ खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ. या कातळांत चुना, सोडा, वाळूचें द्रव्य, लोह व ॲल्युमिनियम हीं सर्व थोडींबहुत होतीं. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, त्यानंतर आठ महिन्यांचा कोरडा काळ, आणि हें चक्र लाखों वर्षें चाललेलें. अशा स्थितींत विरघळणारीं द्रव्यें धुपून समुद्रास मिळालीं, आणि न विरघळणारें लोह व ॲल्युमिनियम मागें राहिलें. तोच जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज अमलांतील प्रवाशानें मलबारांतील अंगाडीपुरम् येथें हा दगड पाहून १८०७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यास लॅटिन भाषेंतील विटेच्या नांवावरून ‘लॅटराइट’ असें नांव दिलें. खाणींतून काढतांना मऊ लागणारा चिरा हवेंत राहिला म्हणजे टणक होतो, हें त्यानेंहि नमूद केलें आहे. आमच्या चिरेखाणींतील कामगारांस तें सांगावें लागत नाहीं.

म्हणजे इतरत्र गुहेच्या डबक्यांत चुना जें करितो, तें आपल्याकडे विहिरींत व चिरेखाणींत लोह करितें. त्याची रीति मात्र निराळी आहे. लोहाच्या दोन अवस्था आहेत. एका अवस्थेंत तें पाण्यांत विरघळतें व पाणी अगदीं निवळ दिसतें. दुसऱ्या अवस्थेंत प्राणवायूशीं संयोग होऊन त्याचा तांबडा गंज बनतो, व तो पाण्यांत विरघळत नाहीं. जांभ्यांतील लोह या दुसऱ्या अवस्थेंत असतें. म्हणूनच इतक्या पावसांत तें टिकलें. परंतु दगडाच्या भेगांतून पालापाचोळा कुजवीत पाणी खोल मुरतें, तेव्हां कुजण्याच्या क्रियेंत त्यांतील प्राणवायु संपतो. अशा ठिकाणीं राहणारे कांहीं जंतू हवेच्या प्राणवायूऐवजीं गंजांतील लोहावरच आपला श्वास चालवितात, आणि तसें करितांना तें लोह विरघळणाऱ्या अवस्थेंत आणतात. हें निवळ पण लोहयुक्त पाणी झऱ्यावाटे विहिरींत येतें. तेथें त्यास पुन्हां हवा लागते, आणि लोहाचा पुन्हां गंज होऊं लागतो.

याच उंबरठ्यावर दुसऱ्या जातीचे जंतू वाट पाहत असतात. त्यांस आपण लोहजंतु म्हणूं. विरघळलेल्या लोहाचा गंज होतांना जी अल्पशी शक्ति सुटते, तिच्यावर यांचा निर्वाह चालतो. मोकळ्या हवेंत लोह आपोआपच झपाट्यानें गंजतें व जंतूंच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं; म्हणून हे नेमके अशा जागीं वस्ती करितात कीं, जेथें आंतून लोहाचें पाणी येतें आणि बाहेरून हवा थोडीथोडी पोंचते. झऱ्याचें तोंड, विहिरीच्या चिऱ्यांमधील सांधा, पंपाच्या पाइपाचें तोंड, या त्यांच्या आवडीच्या जागा होत. या निर्वाहांत शक्ति फार थोडी मिळत असल्यामुळें त्यांस पुष्कळ लोह पचवावें लागतें, आणि जंतु डोळ्यांस न दिसण्याइतका लहान असूनहि त्याच्या मागें राहणारा गंज मात्र टोपलीनें उचलावा इतका जमतो. त्यांतील एक जात आपल्या अंगापासून पीळ घातलेल्या सुतळीसारखा दांडा काढते व गंज त्या दांड्यावर बसवते. दुसरी जात नळीसारख्या म्यानांत राहते व म्यान तांबडें झालें कीं तें टाकून पुढें सरकते. तो शेंदरी गाळ हातास मऊ लागतो तो या टाकलेल्या दांड्यांमुळें व म्यानांमुळें. दांडेवाल्या जातीचें वर्णन एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें १८३६ च्या सुमारास केलें. आणि लोह गंजवून त्यावर जगणारे जंतू असूं शकतात, हा विचार विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८८८ सालीं मांडला.

आतां पाण्यावरील सायीविषयीं. पाणी निवांत असलें म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर, जेथें हवा व लोह यांची गांठ पडते, गंजाचा व जंतूंचा अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. तेलाच्या तवंगावर किंवा साबणाच्या फुग्यावर जे रंग दिसतात, ते तेथें रंगद्रव्य असतें म्हणून नव्हे, तर थर अतिशय पातळ असल्यामुळें प्रकाशाचे किरण त्याच्या वरच्या व खालच्या बाजूंवरून परतून एकमेकांत मिसळतात म्हणून. या पापुद्र्यावरहि तेच रंग त्याच कारणानें दिसतात. डोळा फसतो तो येथें.

परंतु फसणें टाळणें अत्यंत सोपें आहे. एक काठी घ्यावी व ती सायीमधून फिरवावी. साय लोहाची असेल तर ती वाळक्या पापुद्र्याप्रमाणें तडकून तिचे कोनेदार तुकडे होतात, व ते तुकडे वेगवेगळे तरंगत राहतात. तवंग तेलाचा असेल तर काठीमागें रंगांच्या रेघा ओढल्या जातात व काठी पुढें गेली कीं तवंग पुन्हां एकजीव होतो. शिवाय रॉकेल अगर डिझेल असेल तर वास लपत नाहीं. इतकी साधी कसोटी, आणि तिच्या अभावीं दोन घरें तुटलीं!

पाण्यांत लोह आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या आणखी दोन घरगुती कसोट्या आहेत. पहिली ही कीं, उपसलेलें ताजें निवळ पाणी कांचेच्या पेल्यांत रात्रभर उघडें ठेवावें. सकाळीं तें पिवळसर गढूळ होऊन तळाशीं तांबूस साका बसला तर लोह आहे असें समजावें. दुसरी ही कीं, पाण्यांत चिमूटभर हिरड्याची पूड टाकावी. लोह पुरेसें असेल तर पाणी निळसर काळें पडत जातें. हिराकस व हिरडा मिळून पूर्वीं दप्तराची शाई करीत, ती याच गुणावर. जन्मभर कागद काळे करणाऱ्या आम्हांस हें ठाऊक असूनहि विहिरीवर तें आठवलें नाहीं.

सूक्ष्म जीवांचीं अशीं कामें आपल्या प्रांतांत इतरत्रहि दिसतात. आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हवरे व राजापूरजवळील उन्हाळे येथील कढत झऱ्यांच्या कडांना जे हिरवट-पिवळट बुळबुळीत थर धरतात, ते अशा जीवांच्याच वसाहती होत. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें पाणी २०२० सालच्या जून महिन्यांत गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून तें खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें झाल्याचें सांगितलें. त्याहि वेळीं पुष्कळांनीं भलतेच तर्क केले होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग भातखाचरांचा आहे. सड्याच्या पायथ्याशीं, जेथें जांभ्यांतील पाणी पाझरून खाचरांत येतें, तेथें कांहीं वेळां भाताच्या खालच्या पानांवर टोंकाकडून तपकिरी ठिपके पडतात, पान तांबूस होऊन करपतें, फुटवे कमी येतात व मुळें गंजल्यासारखीं दिसतात. यास रोग समजून औषधें फवारण्यांत पैसा जातो. वास्तविक खाचरांत पाणी सतत तुंबून राहिल्यामुळें मातींतील प्राणवायु संपलेला असतो. पूर्वीं सांगितलेले जंतू गंज विरघळवितात, आणि रोपास तें लोह अति होतें. भाताचें मूळ आपल्यापासून थोडा प्राणवायु बाहेर टाकून भोंवतालच्या लोहाचा गंज करितें. म्हणून मुळांवर पातळसा तांबूस लेप असणें हें स्वाभाविक होय. मात्र लोह फार झालें म्हणजे ही ढाल पुरत नाहीं. स्फुरदाचेंहि असेंच. जांभ्याच्या मातींतील लोह स्फुरदास धरून बसतें व पिकास तें सहजीं मिळत नाहीं.

पुढील उपाय आम्हीं स्वतः करून पाहिलेले किंवा जाणत्यांकडून खात्री करून घेतलेले आहेत.

१. खाचराच्या वरच्या अंगास, पाझर येतो त्या बाजूला, आडवा चर खणून तें पाणी बाहेरच्या बाहेर काढावें. अर्धें काम एवढ्यानें होतें.

२. अशा खाचरांत पाणी अखंड तुंबवूं नये. मधून कांहीं दिवस निचरा करून जमिनीस हवा द्यावी व मग पुन्हां पाणी घ्यावें. फुलोऱ्याच्या वेळीं मात्र ताण देऊं नये.

३. न कुजलेला पाला किंवा शेण लावणीच्या तोंडावर गाडूं नये. तें कुजतांना उरलेला प्राणवायुहि संपतो. खत चांगलें कुजवून घालावें.

४. पालाश व स्फुरद यांची उणीव राहूं देऊं नये. चुना घालावयाचा तर माती तपासून, सांगितल्या मानानेंच घालावा. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालापासून आपल्याच भूमीसाठीं काम करीत आहे. त्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

५. ठिबक सिंचन घालणारांनीं आधीं पाणी तपासावें. एका लिटरांत ०.१ मिलिग्रॅमहून अधिक लोह असेल तर नळ्यांचीं छिद्रें बुजण्याचा संभव असतो, आणि १.५ मिलिग्रॅमहून अधिक असेल तर तीं हटकून बुजतात. असें पाणी थेट पंपांतून नळींत सोडूं नये. प्रथम तें उंचावरून, भोंकें पाडलेल्या पन्हळींतून, तुषारांप्रमाणें टांक्यांत पाडावें, म्हणजे हवा लागून लोह गंजतें. तें रात्रभर निवळूं द्यावें. आणि मग वाळूच्या गाळणींतून घ्यावें. गाळणी वेळोवेळीं उलट्या पाण्यानें धुवावी.

६. पिण्याच्या पाण्यासहि हीच रीति चालते. एका लिटरांत ०.३ मिलिग्रॅमहून अधिक लोह असलें म्हणजे कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडूं लागतात. ते डाग लिंबाच्या रसानें निघतात. ब्लीचिंगनें पक्के होतात, हें घरांतील बायकामाणसांस आवर्जून सांगावें.

७. वर्षांतून एकदां, पाणी उतरल्यावर, विहिरीचा उपसा करून चिऱ्यांच्या सांध्यांतील शेंदरी गाळ खरवडून काढावा. विहिरींत उतरण्यापूर्वीं आंत हवा खेळती आहे अशी खात्री करून घ्यावी, एकट्यानें कधींहि उतरूं नये, आणि तेलाचा पंप विहिरीच्या आंत चालवूं नये. नंतर ग्रामपंचायतीच्या आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानें ब्लीचिंग पावडर घालावी. नेहमींच्या शुद्धीकरणास हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम हें प्रमाण धरतात. पावडर घातल्यावर पाणी आधीं अधिकच तांबडें होईल; विरघळलेलें लोह गंजून बाहेर पडतें म्हणून तसें होतें. घाबरून न जातां तें निवळूं द्यावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. लोहजंतु हे मनुष्यास रोग आणणारे जंतू नव्हेत. परंतु तांबडें पाणी निरुपद्रवी म्हणून निवळ पाणी निर्दोष असा उलटा अर्थ कोणीं काढूं नये. हगवण व कावीळ आणणारे जंतू रंगहि दाखवीत नाहींत व सायहि धरीत नाहींत. पिण्याच्या विहिरीचें पाणी वर्षांतून निदान दोनदां, पावसापूर्वीं व पावसानंतर, तपासून घेणेंच इष्ट.

आतां आरंभीं सांगितलेल्या गोष्टीचा शेवट सांगून लेख पुरा करितों. सेवेंतून मोकळे झाल्यावर आम्हीं घरची विहीर उपसावयास काढली, तेव्हां शेतकी शाळेंतील एका शिक्षकांनीं आम्हांस काठीची ही कसोटी दाखविली. पापुद्र्याचे तुकडे झालेले पाहतांच आम्हांस ती जुनी विहीर आठवली, व त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत आम्ही त्या गांवीं गेलों. थोरला वारला होता. धाकट्यास व थोरल्याच्या मुलास एकत्र बोलाविण्यास पुष्कळ विनवणी करावी लागली. विहिरींत झाडोरा माजला होता. पण पाण्यावर तीच साय होती, आणि थोरल्याचा तो पंप तर केव्हांच भंगारांत गेला होता. आम्हीं बांबूची लांब काठी आंत घालून फिरविली. साय तडकली व तिचे तुकडे वेगळे झाले. धाकटा बराच वेळ खालीं पाहत उभा राहिला. मग एवढेंच म्हणाला, “भाऊसाहेब, ही काठी तेव्हां कां नाहीं घातलीत?”

यास उत्तर नव्हतें, आणि आम्हींहि दिलें नाहीं. यंदा विहिरीचा उपसा झाला आहे व पाळ्या पुन्हां ठरल्या आहेत. गडगा अजून तसाच आहे. मात्र त्यांत जाण्यायेण्यापुरतें एक बेडें ठेवलें आहे. वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं असा तवंग दिसला, तर अर्ज लिहिण्यापूर्वीं एक काठी घेऊन विहिरीवर जावें, एवढीच आमची विनंति आहे.